अचेतनाची प्रवृत्ती आणि पेशीपटलावरील प्रथिने

अचेतन वस्तू एखाद्या प्रयोजनासाठी प्रवृत्त होऊ शकते का, की प्रत्येक सप्रयोजन क्रियेच्या पाठीशी तिला चालवणारा कोणी चेतन अधिष्ठाता मानावाच लागतो, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि मूलगामी वाद आहे. सांख्यांनी पहिला पक्ष घेतला. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील 57व्या कारिकेत त्यासाठी दुधाचा दृष्टांत दिला आहे: दूध जड आहे, वासराची भूक त्याला ठाऊक नसते, तरी ते वासराच्या पोषणासाठी स्रवते, तशीच जड प्रकृती पुरुषाच्या मोक्षासाठी प्रवृत्त होते आणि तिला कोणाच्या देखरेखीची गरज पडत नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादात हाच दृष्टांत पूर्वपक्ष म्हणून येतो आणि शंकराचार्य भाष्यात तो खोडून काढतात. गाय चेतन आहे, वासराच्या मायेने तिला पान्हा फुटतो, वासराच्या चोखण्याने दूध ओढले जाते, तेव्हा हा दृष्टांत निखळ अचेतनाचा नव्हेच, असे त्यांचे म्हणणे आहे. पाण्याच्या वाहण्यालासुद्धा जमिनीच्या उताराची अपेक्षा असते, आणि श्रुतीने तर सर्वांच्या अंतर्यामी चेतन नियंता सांगितलेला आहे. थोडे पुढे ते आणखी एक सूक्ष्म मुद्दा मांडतात. गवताचे दूध आपोआप होत असते, तर टाकून दिलेल्या किंवा बैलाने खाल्लेल्या गवताचेही ते झाले असते; ते गाईच्याच पोटात होते, त्याअर्थी केवळ गवताचा स्वभाव पुरेसा नाही.

या वादात दोन्ही पक्षांची अडचण एकच होती. ज्या वस्तूंचे दृष्टांत हाताशी होते त्यांच्या अवतीभवती कोणीतरी चेतन प्राणी होताच, आणि जिथे तो नव्हता, उदाहरणार्थ वाहत्या पाण्यात, तिथे प्रयोजनच संशयास्पद होते. हवा होता तो असा दृष्टांत, ज्यात क्रिया उघडपणे कशासाठी तरी होत आहे, तिचा प्रत्येक टप्पा डोळ्यांखालून घालता येतो आणि तरीही शेजारी गाय उभी नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवरसायनशास्त्राने असा दृष्टांत उपलब्ध करून दिला आहे: पेशीच्या पटलातील मेदांना बिलगणारी आणि त्या बिलगण्यातून पेशीच्या आत संदेश पुढे सरकवणारी प्रथिने. दर्शनांच्या अभ्यासकांनी या प्रथिनांकडे फारसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण सांख्य आणि वेदान्त या दोहोंना ती काही नेमके सांगतात.

पेशीभोवतीचे पटल सुमारे 5 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतके जाड असते. ते मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचे बनलेले असते. या रेणूचे डोके फॉस्फेटयुक्त व पाण्याशी सलगी करणारे असते आणि दोन लांब शेपट्या पाण्याला टाळणाऱ्या असतात, म्हणून असे असंख्य रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून दोन थरांत मांडले जातात. ही द्विस्तरीय रचना गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी 1925 मध्ये तांबड्या रक्तपेशींवरून ताडली होती. त्यानंतर दीर्घकाळ हे मेद म्हणजे केवळ कुंपण, अशीच समजूत राहिली. मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याने 1953 मध्ये कबुतराच्या स्वादुपिंडाच्या कापांवर ॲसिटिलकोलिन हे चेतासंदेशक द्रव्य घातले, तेव्हा पटलातील फॉस्फोलिपिडांत किरणोत्सारी फॉस्फरस झपाट्याने शिरू लागल्याचे त्यांना आढळले. बाहेरून काही सांगावा येताच कुंपणाचेच द्रव्य हलू लागते, याचा अर्थ लागायला तीस वर्षे गेली. इनॉसिटॉल ही सहा कार्बनांची कडी डोक्यावर असलेला पीआयपी-2 हा मेद बाहेरचा संदेश येताच दुभंगतो. त्याचा एक तुकडा पाण्यात उतरून पेशीतील साठ्यांतले कॅल्शियम मोकळे करतो, हे 1983 मध्ये मायकेल बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. आणि डायअसिलग्लिसरॉल हा दुसरा तुकडा पटलातच राहून प्रोटीन कायनेज सी या विकराला जागे करतो, हे जपानमधील यासुतोमी निशिझुका यांच्या संशोधनातून पुढे आले. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, आणि कायनेज म्हणजे दुसऱ्या रेणूवर फॉस्फेट चढवणारे विकर.

यातील एक घटना जवळून पाहण्यासारखी आहे. जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढते आणि स्नायूपेशीच्या बाहेरील ग्राहीला चिकटते; ग्राहीच्या आतल्या टोकाकडून पीआय-3-कायनेज नावाचे विकर पटलाशी ओढले जाते आणि ते पीआयपी-2च्या इनॉसिटॉल कडीवर, तिसऱ्या स्थानी, एक फॉस्फेट जास्तीचे चढवते. पीआयपी-2वर चौथ्या आणि पाचव्या स्थानी फॉस्फेट असतातच. तिसरे चढले की तो पीआयपी-3 होतो. विश्रांत पेशीत पीआयपी-3 जवळपास नसतोच, इन्सुलिन आल्यावर तो थोड्याच वेळात वाढतो आणि पीटेन नावाचे विकर ते जास्तीचे फॉस्फेट काढून त्याला पुन्हा पूर्वपदावर आणते. पेशीद्रवात त्या वेळी एकेटी-1 हे 480 अमिनो आम्लांचे प्रथिन फिरत असते. त्याच्या आरंभीची शंभराहून थोडी अधिक अमिनो आम्ले मिळून एक घट्ट घडी तयार होते, जिला पीएच क्षेत्र म्हणतात; ही घडी 1993 मध्ये प्रथम रक्तबिंबिकांतील, म्हणजे व्यवहारात ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्यांतील, प्लेकस्ट्रिन या प्रथिनात ओळखू आली आणि तिला त्याचेच नाव मिळाले. सात पट्ट्यांच्या या घडीचे एक टोक उघडे असते, तिथे धन भारित अमिनो आम्लांचा खळगा असतो, आणि पीआयपी-3चे ऋण भारित डोके त्या खळग्यात बसते. एवढे झाले की एकेटी-1 पटलाशी खिळते, तिथे दोन अन्य कायनेजे त्याच्या 308व्या आणि 473व्या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढवतात, ते पूर्णपणे कार्यान्वित होते, आणि त्याच्या पुढच्या कामांतून ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिने पटलावर आणली जातात व ग्लायकोजनचा साठा होऊ लागतो. पीआयपी-3 ओसरला की हा सारा व्यवहार थंडावतो.

या साखळीत जाणणारा कोणी नाही. एकेटी-1ला रक्तातील साखर ठाऊक नाही, इन्सुलिनशी त्याची कधी गाठही पडत नाही. त्याच्या वाट्याला येते ते एका मेदाच्या डोक्यावरचे एक अधिक फॉस्फेट. तरीही एकूण क्रिया साखर साठवण्यासाठी आहे, हे नाकारणे म्हणजे दिसणारी गोष्ट न पाहणे होय. इथपर्यंत सांख्यांचा पक्ष बळकट दिसतो. पण शंकराचार्यांच्या उताराचा आक्षेप इथे नव्या रूपात उभा राहतो, आणि तो हलका नाही. धन भार ऋण भाराकडे ओढला जातो, यात प्रयोजन कुठे आले? पाणी उताराकडे वाहते तितकेच हे निष्प्रयोजन आहे. साखर साठवण्याचा हेतू पाहणाऱ्याने बाहेरून चिकटवलेला आहे, असे कोणी म्हणू शकेल. कट्टर भौतिकवादी आणि वेदान्ती हे दोघेही या ठिकाणी, वेगवेगळ्या कारणांसाठी, एकच वाक्य बोलतात: जडात केवळ ओढ आहे, अर्थ नाही.

या आक्षेपाचे उत्तर चुकीच्या शक्यतेत आहे. पाणी उताराकडे वाहताना चुकू शकत नाही. ते कुठेही गेले तरी ते जाणे बरोबर किंवा चूक ठरत नाही. पीएच क्षेत्राचे तसे नाही. त्याचे बिलगणे एखाद्या वेळी चुकीचे असू शकते, आणि जिथे चूक संभवते तिथे बरोबर असण्याचाही काही निकष असलाच पाहिजे. असा निकष असलेल्या क्रियेला केवळ ओढ म्हणणे अपुरे ठरते. निकष कुठून आला, याचे उत्तर देण्यासाठी चेतन अधिष्ठात्याकडे धावण्याची गरज नाही. ज्या पूर्वज पेशींत ही घडी योग्य वेळी बिलगत गेली त्या टिकल्या, ज्यांत ती बिलगली नाही त्या मागे पडल्या, आणि आजची घडी ही त्या दीर्घ निवडीचा अवशेष आहे. गतकाळातील कर्माचे फल पुढे नेणारी, कोणाच्याही स्मरणावर न विसंबणारी शक्ती म्हणून मीमांसकांनी अपूर्व मानले. निवडीने घडवलेली रेणूची रचना त्याहून वेगळी वस्तू आहे, तरी देवतेच्या निवाड्यावाचून भूतकाळ वर्तमानात कार्य करू शकतो, हा विचार भारतीय परंपरेला परका नाही एवढे त्यावरून दिसते.

चुकीची दोन उदाहरणे इथे तपशिलाने पाहावी लागतात, कारण पुढचा सारा विचार त्यांवर उभा आहे. पहिले फसवणुकीचे आहे. जमालगोटा, ज्याला आयुर्वेदात जयपाल म्हणतात आणि शोधन केल्यावाचून जो वापरत नाहीत, त्याच्या बियांचे तेल तीव्र रेचक आहे. हेच तेल उंदरांच्या कातडीवर वारंवार लावले असता, आधी कर्कजनक द्रव्याची किंचित मात्रा मिळालेल्या ठिकाणी गाठी उठतात, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आढळले होते. त्यातील कारक द्रव्ये म्हणजे फॉर्बॉल एस्टर. ती प्रोटीन कायनेज सीच्या ज्या खाचेत एरवी डायअसिलग्लिसरॉल बसतो त्याच खाचेत बसतात आणि त्या विकराला पटलाशी धरून ठेवतात, हे 1982 मध्ये निशिझुका यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाले. डायअसिलग्लिसरॉल थोड्याच वेळात रूपांतरित होऊन नाहीसा होतो, म्हणून त्याचा निरोप संपतो. फॉर्बॉल एस्टर तसे पटकन मोडले जात नाही, म्हणून निरोप संपतच नाही. विकर इथे खोट्या खुणेला खरी समजून वागते, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, जरी समजणारा कोणी नसला तरी. या कथेला एक वळणही आहे: विकर फार काळ जागे राहिले की पेशी त्याचा नाश करते, आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कर्करोगांत आढळणारी प्रोटीन कायनेज सीची अनेक उत्परिवर्तने त्याचे काम वाढवण्याऐवजी बंद पाडणारी आहेत. म्हणजे तेलाचा दुष्परिणाम विकराच्या अतिजागृतीतून होतो की अखेरीस झालेल्या त्याच्या लोपातून, हा प्रश्न पूर्वी वाटला होता तितका सरळ नाही.

दुसरे उदाहरण खुद्द खूण वाचणाऱ्या प्रथिनाच्या बिघाडाचे आहे. एकेटी-1च्या पीएच क्षेत्रात 17व्या स्थानी ग्लुटामिक आम्ल असते आणि त्याचा भार ऋण असतो. स्तन, मोठे आतडे आणि बीजांडकोश यांच्या काही कर्करोगांत त्या जागी धन भारित लायसिन येते, असे 2007 मध्ये आढळले. 480 पैकी या एका अमिनो आम्लाच्या बदलाने खळग्याची निवड सैल होते आणि जो पीआयपी-2 पटलात कायमच असतो त्यालाही प्रथिन घट्ट बिलगू लागते. इन्सुलिन आलेले नाही, पीआयपी-3 वाढलेला नाही, तरी एकेटी-1 पटलाशी जाऊन बसते आणि वाढ, पोषण व जगत राहण्याचे निरोप अखंड पुढे धाडत राहते.

ही चूक कोणाची, आणि कोणाच्या दृष्टीने? इथे विषयाचा गाभा येतो. ज्या पेशीत हे उत्परिवर्तन झाले तिच्यापुरते पाहिले तर काहीच बिघडलेले नाही. ती अधिक वेगाने वाढते, मरणाचे निरोप डावलते, तिची संतती पसरते. जगणे आणि वंश वाढवणे हाच निकष घेतला तर तिच्या एकेटी-1चे बिलगणे यशस्वीच म्हणावे लागेल. ते चूक ठरते ते देहाच्या दृष्टीने, ज्याच्यासाठी ती पेशी होती त्याच्या दृष्टीने. म्हणजे चूक ही गोष्ट रेणूत सापडत नाही आणि एकट्या पेशीतही सापडत नाही. रेणू आणि पेशी ज्या समग्राचे अंग आहेत ते समग्र कोणते हे ठरवल्यावरच ती दिसते. गवताचे दूध गाईच्याच पोटात होते, या शंकराचार्यांच्या मुद्द्याचे खरे बळ इथे कळते. त्यातून चेतन अधिष्ठाता सिद्ध होत नाही. पण स्वभाव नेहमी एखाद्या आश्रयाच्या संदर्भात कार्य करतो आणि आश्रय बदलला की त्याच स्वभावाचे फळ बदलते, हे मात्र निर्विवाद होते. सांख्यांनी दूध आणि वासरू यांकडे पाहिले, गाय गृहीत धरली; शंकराचार्यांनी गाय दाखवून दिली, पण तिच्या मायेवर भर देताना तिच्या देहाकडे, जो दूध घडवतो त्या समग्राकडे, तितकेसे लक्ष दिले नाही.

मराठीत हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला आहे. शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात, क्षेत्र म्हणजे शरीर हे नेमके कोणाचे, या प्रश्नावर निरनिराळ्या मतांची माणसे वाद घालताना दाखवली आहेत, आणि तो वाद शेतीच्या मालकीहक्काच्या भाषेत चालतो. जीववादी म्हणतात की शेत जीवाचे, प्राण हे त्याचे कूळ, आणि मन देखरेख करणारे. सांख्यमती जीवाला येता-जाता मुक्काम करणारा वाटसरू ठरवून शेताची वृत्ती प्रकृतीकडे देतात. संकल्पवादी, स्वभाववादी आणि कालवादी आपापला दावा सांगतात. पेशीपटलाच्या अभ्यासाने या वादात जी भर पडते ती दाव्यांच्या निवाड्याची नाही. कसणारा कोण, हे आता बरेचसे कळले आहे: असंख्य कसणारे आहेत आणि त्यांपैकी एकालाही शेताची कल्पना नाही. मालक कोण हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही, उलट कसणाऱ्यांपासून वेगळा होऊन अधिक स्वच्छ दिसतो. कर्करोगाची पेशी ही जणू दाव्यातील नवा वादी आहे. तिचा दावा रसायनशास्त्राच्या आधारे फेटाळता येत नाही.

पटलातील आणखी एका मेदाने हा मुद्दा पुढे नेता येतो. फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद जिवंत पेशीत पटलाच्या आतल्या थरात ठेवलेला असतो. बाहेरच्या थरात निसटलेले रेणू परत आत आणणारी प्रथिने असतात आणि त्यासाठी पेशी ऊर्जा खर्च करते. नियोजित मृत्यू ओढवला की हा बंदोबस्त सुटतो, फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतो, आणि भक्षकपेशी त्याला ओळखणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने मरणाऱ्या पेशीला, दाह न होऊ देता, गिळून टाकतात. हाच मेद कार्यरत रक्तबिंबिकेच्या पृष्ठभागावर येतो तेव्हा मात्र रक्त गोठवणारी प्रथिने कॅल्शियमच्या मध्यस्थीने त्याला बिलगतात आणि तिथे गुठळी बांधली जाते. रेणू एकच, आतला बाहेर आल्याची घटना एकच, पण एकीकडे तिचा अर्थ मृताची विल्हेवाट असा होतो आणि दुसरीकडे जखमेची डागडुजी असा. या खुणेचा उपयोग खूण दाखवणाऱ्या पेशीला स्वतःला काहीच नाही. ती मरत आहे. खूण वाचणारा दुसरा आहे आणि लाभ तिसऱ्याचा, म्हणजे देहाचा आहे. देवीच्या विषाणूचा नातलग असलेला व्हॅक्सिनिया विषाणू आपल्या आवरणावर हाच मेद घेऊन येतो आणि मृत पेशीचे अवशेष असल्याच्या बतावणीने पेशीत शिरतो, असे 2008 मध्ये दाखवले गेले. बतावणी शक्य आहे ती या खुणेला एरवी खरा अर्थ आहे म्हणूनच.

परार्थतेची ही गोष्ट सांख्यांना परिचित होती, आणि तिच्यावरच त्यांनी पुरुषाची सिद्धी उभारली. 17व्या कारिकेतील पहिले प्रमाण असे आहे की अनेक घटक एकत्र येऊन जो संघात बनतो तो नेहमी दुसऱ्या कोणासाठी असतो. शरीर हा संघात आहे. म्हणून ते ज्याच्यासाठी आहे असा, स्वतः संघात नसलेला, पुरुष मानला पाहिजे. पेशीच्या पातळीवर या प्रमाणाचा पूर्वार्ध विलक्षण खरा ठरतो. पीएच क्षेत्र प्रथिनासाठी, प्रथिन पेशीसाठी, पेशी देहासाठी, अशी परार्थतेची शिडी आता प्रत्यक्ष दाखवता येते, आणि पायरी चढताना चूक कशाला म्हणायचे तेही बदलत जाते. उत्तरार्धाचे मात्र तसे नाही. देह कोणासाठी, या प्रश्नाला जीवशास्त्राचे उत्तर वंशपरंपरेसाठी असे येते, आणि वंशपरंपरा हाही पुन्हा संघातच आहे. शिडी तिथे थांबत नाही आणि संघात नसलेल्या एखाद्या तत्त्वापाशी पोचतही नाही. पुरुषाची सिद्धी परार्थतेच्या या शिडीवरून होणार नाही; ती साधायची असेल तर जाणीव आहे या एकमेव प्रत्यक्ष अनुभवावरून साधावी लागेल, आणि त्या अनुभवाविषयी पटलावरची प्रथिने, त्यांची कितीही निकट ओळख झाली तरी, काही सांगू शकत नाहीत. साखर साठवणाऱ्या स्नायूत ती जशी काम करतात तशीच विचार करणाऱ्या मेंदूतही करतात. पीआयपी-3 आणि एकेटी-1 दोन्हीकडे तेच आहेत, आणि एका ठिकाणी जाणीव असते, दुसऱ्या ठिकाणी नसते.